गिऱ्हाईक आले ते धंद्यालाच!

हळद शिजवण्याचे दिवस होते. आमच्या नरसीला चैत्रात सकाळपासून आखाड्या-आखाड्यावर वाफेचे लोट दिसतात आणि त्या वासाने सारा शिवार भरून जातो. कुकर संध्याकाळी दुसऱ्याच्या शेतात जायचा असतो, त्यामुळे घरातल्या कुणालाच उसंत नसते. अशा ऐन घाईत माझा मोबाईल वाजला. नंबर अनोळखी होता. कुणाला पावडर पाहिजे असेल, असे समजून मी ओला हात पदराला पुसला आणि फोन घेतला.

पलीकडचा गृहस्थ मोठ्या अदबीने बोलत होता. "ताई, हळद नको आहे. तुमचा ब्रँडच घ्यायचा आहे आम्हाला. तुम्ही फक्त आकडा बोला."

मला आधी चेष्टाच वाटली. ब्रँड म्हणजे काय, तर आमच्या ओसरीत तीन बायकांनी तराजूवर तोलून भरलेली पिवळी पाकिटे. त्यात विकत घेण्यासारखे काय आहे? परंतु गृहस्थ मुंबईच्या एका मसाला कंपनीचे नाव सांगत होता आणि आमच्या पाकिटाचा रंग, भाव, गिऱ्हाइकांनी लिहिलेले अभिप्राय, सगळे त्याला तोंडपाठ होते. मी हुरळून गेले आणि तिथेच पहिली चूक केली. वर्षाला माल किती जातो, कुठे कुठे जातो, नफा किती सुटतो, हे त्याने विचारले आणि मी सांगत सुटले. बाजारात बैल न्यायच्या आधीच व्यापाऱ्याला गरज सांगणाऱ्या शेतकऱ्याला आपण हसतो. मी त्याहून वेगळे काही केले नाही.

हा धंदा सुरू कसा झाला तेही सांगते, म्हणजे पुढचे नीट कळेल. नरसी हे नामदेव महाराजांचे जन्मगाव. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यामुळे नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला आलेले पंजाबातले भाविक आमच्या गावालाही येतात. नामदेव महाराजांचे वास्तव्य झालेले पंजाबातले घुमान हे गाव आपल्याकडे आता पुष्कळांना ठाऊक आहे, कारण २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले होते. तर अशाच एका पंजाबी कुटुंबाने सहा वर्षांपूर्वी आमच्या आत्याबाईंकडून घरची दोन किलो हळद नेली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. महिनाभराने त्यांचा फोन आला, "माताजी, आणखी पाच किलो पाठवा." मग त्यांच्या शेजाऱ्यांचा आला. त्या साली मार्केट यार्डात भाव पडलेले होते, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या की हळकुंडे सगळीच कशाला नेता, थोडी दळून ठेवू. पुतण्या बारावीला होता. त्याने फोनवरच फोटो काढून पान तयार केले, मागणी नोंदवायची सोय केली आणि पाकिटावर आजीचे नाव घातले. पंजाबातून मागणी येते, पुण्यामुंबईहून येते, क्वचित बंगलोरहून. कुरिअरवाला हिंगोलीहून येऊन माल घेऊन जातो. एवढाच आमचा ऑनलाइन धंदा.

त्या रात्री जेवणे झाल्यावर सगळे ओसरीत बसलो. दुपारी व्हॉट्सॲपवर आकडाही आला होता. चार लाख रुपये!

आमच्या ओसरीत इतका मोठा आकडा आजवर दोनदाच बोलला गेला आहे. एकदा विहिरीच्या वेळी आणि एकदा नणंदेच्या लग्नात. थोरले भाऊजी गप्प होते. आमचे हे म्हणाले, "देऊन टाका, दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू करू." पुतण्याचे डोळे चमकत होते, कारण पान त्याने केलेले. जाऊबाई मात्र मनातले स्पष्ट बोलल्या. "मला विकायचंय. सहा वर्षं पाकिटं भरून भरून माझी कंबर गेली. पोरीला नर्सिंगला घालायचंय, फी कुठून आणायची? घरचा धंदा म्हणता, पण त्यातला रुपया माझ्या हातावर कधी पडला?" त्यावर कुणाला उत्तर सुचले नाही. खरे म्हणजे त्यांचेच बोलणे त्या रात्रीचे सर्वांत मुद्देसूद होते.

आत्याबाई वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझं नाव विकल्यावर मला हाक काय मारणार?" सगळे हसले. पण मला झोप लागेना.

आपण शेतकरी माणसे. गुंठाभर जमीन विकायची झाली तरी सातबारा काढतो, फेरफार पाहतो, चतुःसीमा लिहितो, झाड कुणाचे, विहिरीत हिस्सा किती, वाट कुठून, हे ठरल्याशिवाय इसार घेत नाही. आणि इथे आम्ही धंद्याची चतुःसीमा न पाहताच मनातल्या मनात चार लाख वाटून मोकळे झालो होतो. दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला वही आणायला सांगितले. विकायचे म्हणजे नेमके काय काय द्यायचे, ते एकेक लिहायचे. लिहायला बसलो तर पान भरले, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी आपल्या मालकीच्या आहेत की नाहीत हेच आम्हाला सांगता येईना.

पहिले म्हणजे नाव. पाकिटावरचे नाव सहा वर्षे आम्ही वापरले, पण नोंदवलेले नव्हते. गावातले एक वकील हिंगोलीच्या कोर्टात जातात, त्यांना विचारले. ते म्हणाले, "बाई, बोलणी चालू असताना उद्या त्यांनीच हे नाव आपल्या नावावर नोंदवायला टाकलं, तर भांडत बसाल." नोंदवलेला ट्रेडमार्क दहा वर्षे चालतो आणि पुढे नूतनीकरण करता येते. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. विकायचे असो वा नसो, अर्ज आधी, असे ठरवून त्याच आठवड्यात आम्ही तो आत्याबाईंच्या नावाने टाकला. सहा वर्षांपूर्वीच टाकायला हवा होता.

दुसरी गोष्ट गावाची. पाकिटावर 'नरसी नामदेवची हळद' अशी ओळ आहे आणि मुंबईकरांना त्या ओळीचीच गोडी जास्त, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होते. आता गाव काय आम्ही विकायचे? वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांना ठाऊक असेलच. त्या मानांकनाचा १९९९ चा जो कायदा आहे त्यात स्पष्टच म्हटले आहे की ते नाव कुणाला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही. त्या भागात पिकवणाऱ्याने रीतसर नोंदणी करून ते वापरायचे. आमच्या पाकिटावर ते मानांकन नाही, पण वकिलांनी समजावले की गावाच्या नावाचेही तेच आहे. गाव एकट्याच्या मालकीचे होत नाही. नरसीत हळद पिकवणारा प्रत्येक जण ती नरसीची आहे असे म्हणणारच. अन्न सुरक्षेची नोंदणीही अशीच. ती ज्याच्या नावाने आहे त्याचीच, घेणाऱ्याने आपली स्वतंत्र काढायची.

तिसरी गोष्ट म्हणजे किल्ल्या. फोन नंबर, पानाचा पासवर्ड, ज्या ईमेलवर सगळे उघडते तो ईमेल. हे सगळे पुतण्याच्या नावाने होते आणि मोबाईल नंबर माझा, त्यावर बँकेचे निरोपही येतात. धंद्याची किल्ली आणि घराची किल्ली एकाच जुडग्यात! नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमनताई धामणे यांची 'आपली आजी' ही स्वयंपाकाची वाहिनी पुष्कळ भगिनी पाहतात. ऑक्टोबर २०२० मध्ये कुणीतरी ती परस्पर ताब्यात घेतली होती, काही दिवसांनी ती त्यांना परत मिळाली. तिथे विक्रीचा काही संबंध नव्हता, पण पासवर्ड गेला की सारी मेहनत एका रात्रीत परक्याच्या हातात कशी जाते, हे त्यावरून कळते. आम्ही धंद्यासाठी वेगळे सिम घेतले. खरेदीचा इसार पाठवतो, कोड स्कॅन करा, आकडे सांगा, असे म्हणणारा कुणीही निघाला तर फोन ठेवून द्यावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि फसगत झालीच तर लगेच १९३० या नंबरावर तक्रार करावी.

चौथी गोष्ट गिऱ्हाइकांची यादी, आणि इथे आमची दुसरी चूक उघडी पडली.

वहीत 'यादी' हा शब्द लिहिताना पुतण्याचा चेहरा उतरला. "काकू, ती मी कालच पाठवली." त्या गृहस्थाने "खरेच एवढी गिऱ्हाइके आहेत का, ते नुसते पडताळून पाहतो" म्हणून मागितली होती आणि पोराने सरळ मनाने सगळी फाईल पाठवून दिली होती. नावे, पत्ते, नंबर, कोण किती किलो घेतो ते सुद्धा. मी त्याला बोलले नाही. आदल्या दुपारी मी तरी काय शहाणपणा केला होता?

पंधरा दिवसांनी लुधियानाच्या एका बाईंचा फोन आला. "दीदी, तुमच्याकडून फोन होता का? स्वस्तात हळद देतो म्हणाले." मग आणखी दोघांचे आले. यादी त्या कंपनीनेच कुणाला दिली, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कुठून कशी फुटली, याला पुरावा नाही. परंतु त्या हंगामात आमची चाळीसेक जुनी गिऱ्हाइके फिरकली नाहीत. त्यापेक्षा जास्त मला त्या लुधियानाच्या बाईंच्या आवाजातला संशय लागला. तिने आपला पत्ता हळद पोहोचावी म्हणून दिला होता, आम्ही तो तिला न विचारता तिसऱ्याला दिला. लोकांच्या अशा माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला आहे, हे आम्हाला मागाहून कळले. खरेदीदाराला पडताळणी करायची असेल तर महिन्याचा एकूण माल, जिल्हावार संख्या, बँकेचा उतारा एवढे पुरते. नावे-नंबर दाखवायची गरजच नसते, निदान करार होईपर्यंत तरी नाही.

आता हिशेब. चार लाख हे जास्त की कमी, हे ठरवायला आधी धंद्यातून सुटते काय ते कळले पाहिजे. मी फोनवर नफा 'दोन लाख' सांगून बसले होते. कागदावर मांडला तेव्हा असा निघाला. वर्षात १२ क्विंटल पावडर गेली, किलोला ३२० रुपये, म्हणजे ३,८४,००० रुपये. त्यासाठी साडेबारा क्विंटल वाळलेली हळकुंडे लागली. ती घरची म्हणून आम्ही आजवर फुकट धरीत होतो! यार्डात नेली असती तर त्या भावाने १४,००० रुपये क्विंटल आले असते, म्हणजे १,७५,००० रुपये. दळण, पाकिटे आणि कुरिअर मिळून ९०,०००. राहिले १,१९,०००.

इथेच थांबायचे असे भाऊजींचे मत होते. जाऊबाई म्हणाल्या, "आणि आमचे हात?" तेही मांडले. तीन बाया, रोजचे दोन तास, वर्षाचे तीनशे दिवस. म्हणजे १,८०० तास, आठ तासांचा दिवस धरला तर २२५ दिवस. तीनशे रुपये रोजाने ६७,५०० रुपये झाले. ते वजा जाता धंद्याचा म्हणून जो नफा उरला तो अवघा ५१,५००.

ओसरीत शांतता पसरली. सहा वर्षे ज्याला आम्ही नफा म्हणत होतो, त्यातला निम्म्याहून अधिक भाग बायकांची न दिलेली मजुरी होती.

तर चार लाख म्हणजे त्या नफ्याची जवळजवळ आठ वर्षे. व्यापारी दृष्टीने पाहिले तर भाव वाईट नव्हता, हे कबूल केले पाहिजे. परंतु दुसरीकडून पाहा. धंदा गेला की ५१,५०० तर जातातच, वर घरबसल्या मिळणारा २२५ दिवसांचा रोजगारही जातो. घरात येणारे १,१९,००० बंद होतात, आणि त्या हिशेबाने चार लाख सव्वातीन-साडेतीन वर्षांत संपतात. दोन्ही हिशेब खरे आहेत. ज्याला दुसरे काम समोर दिसते आहे, अंग थकले आहे, त्याला पहिला हिशेब लागू. ज्याला नाही, त्याला दुसरा. आमच्या एकाच घरात जाऊबाईंना पहिला लागू होता आणि मला दुसरा.

मोठ्या लोकांनी आपापले धंदे विकले, ते कसे, हे मी त्या दिवसांत बरेच वाचले. इंटरनेटवरच्या धंद्याचे आपल्या महाराष्ट्रातले गाजलेले उदाहरण मुंबईचे. राजेश जैन यांनी १९९५ साली 'इंडियावर्ल्ड' सुरू केले. बातम्या, क्रिकेट, पाककृती असा सगळा मजकूर त्यावर असे. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवे या कंपनीने ते टप्प्याटप्प्याने ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा सौदा केला, तेव्हा देशभर तोंडात बोटे गेली. पुढच्याच वर्षी जगभर इंटरनेट कंपन्यांचे शेअर कोसळले. वर्षभर थांबले असते तर त्या भावाला कुणी विचारले असते की नाही, शंकाच आहे. नको नको म्हणत बसण्यातही तोटा असतो, तो असा.

पण मला जास्त विचार करायला लावले ते थंड पेयांच्या गोष्टीने. १९७७ साली कोकाकोला कंपनी भारतातून निघून गेली. त्या पोकळीत पारलेच्या चौहान बंधूंचे थम्सअप वाढले, लिम्का आणि गोल्ड स्पॉट तर होतेच. १९९३ साली कोकाकोला परत आली आणि तिने ही सगळी नावे चौहानांकडून विकत घेतली. नुसते पेय करायचे तर तिला स्वतःला येतच होते. तिला हवी होती लोकांच्या जिभेवर बसलेली नावे आणि गावोगाव बाटल्या भरून पोहोचवणारी माणसे. पुढे काय झाले पाहा. थम्सअप टिकले, इतके की २०२१ साली त्याची विक्री एक अब्ज डॉलरवर गेली. आणि गोल्ड स्पॉट? यात्रेत, लग्नात ती नारिंगी बाटली हातात मिळावी म्हणून ज्यांनी हट्ट केला असेल, अशा वाचक भगिनी आज पन्नाशीच्या पुढे असतील. नव्या मालकाकडे स्वतःचा फँटा होता, त्याने गोल्ड स्पॉट बंद करून टाकले. एकाच सौद्यात विकलेल्या दोन नावांचे हे दोन शेवट, आणि कोणाचा कोणता होणार हे ठरवणे विकणाऱ्याच्या हाती राहिले नाही. आत्याबाईंच्या नावाचे पाकीट मुंबईच्या कंपनीच्या स्वतःच्या हळदीला आड आले असते तर? ते नाव पाकिटावरून जाऊन त्यांच्या कपाटात पडले असते.

दांडेकरांच्या कॅमलिनचे तसे झाले नाही. १९३१ पासून शाई, मग रंग, कंपासपेट्या असा ज्यांचा व्यवसाय वाढला, त्यांनी २०११ साली निम्म्याहून अधिक मालकी जपानच्या कोकुयो कंपनीला दिली, पण नाव राहिले आणि घरची माणसेही कारभारात राहिली. थोडे विकून थोडे ठेवणे, अशीही वाट असते तर! आम्हाला ती तोवर सुचलीच नव्हती. आणि बोलणी मोडणे हेही काही आभाळ कोसळणे नव्हे. बिसलेरी विकण्याबद्दल रमेश चौहान आणि टाटांची कंपनी यांची बोलणी २०२२ साली सुरू असल्याच्या बातम्या होत्या, मार्च २०२३ मध्ये ती थांबली. बिसलेरी त्यांच्या घरातच राहिली आणि बाटल्या विकल्या जातच आहेत.

असो. तोवर कंपनीकडून कराराचा मसुदा आला. इंग्रजीत, अकरा पानांचा. पुतण्याला शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता. वकिलांनी एक दुपार घेऊन तो आम्हाला मराठीत सांगितला आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत, हळद मात्र नेली.

चार लाख कसे, तर सहीच्या दिवशी एक लाख. उरलेले तीन पुढच्या दोन वर्षांत, तेही विक्री पूर्वीइतकी राहिली तर. विक्री आता कुणाच्या हातात असणार? त्यांच्या. जाहिरात केली नाही, भाव वाढवला, पाकीट बदलले, विक्री उतरली, तर तीन लाख गेले. म्हणजे खात्रीचा आकडा चार नव्हे, एक लाख. दुसरे असे की आमची हळद तेच घेतील, हे फोनवर दहादा सांगितलेले मसुद्यात कुठेही नव्हते. वाद झाला तर कोर्ट मुंबईचे.

आणि एक कलम असे की वकिलांनी ते दोनदा वाचले. पाच वर्षे कुटुंबातील कुणीही भारतात कुठेही हळद अथवा हळदीचे पदार्थ विकायचे नाहीत.

"हळद," वकील म्हणाले. "नुसती पावडर नाही लिहिलंय. तुमचे भाऊजी उद्या हळकुंडाचं पोतं घेऊन हिंगोलीच्या यार्डात उभे राहिले तरी करारभंग झाला म्हणतील."

भाऊजी इतके दिवस गप्प होते, ते उठून उभे राहिले. त्यांची हयात हळदीत गेली आहे.

वकिलांनी कायदाही सांगितला. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम २७ प्रमाणे कुणाला धंदाच करू नको असा करार सामान्यतः चालत नाही. अपवाद एकच, की धंद्याचा नावलौकिक विकला असेल तर विकणाऱ्यावर तसल्याच धंद्यापुरते बंधन घालता येते, पण तेही ठराविक हद्दीत आणि कोर्टाला वाजवी वाटेल इतकेच. म्हणजे आमचे हे म्हणत होते तसे 'दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू करू' हेही तितके सोपे नव्हते, आणि कंपनीने लिहिले तितके कडक बंधनही बहुधा टिकले नसते. "पण ते टिकत नाही हे सिद्ध करायला मुंबईला तारखा कोण करणार?" असे त्यांनीच विचारले. करातही मेख आहे. शेतमालाच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण धंदा विकून आलेला पैसा म्हणजे शेतीचे उत्पन्न नव्हे. तो हिशेब सही करण्याआधीच चार्टर्ड अकाउंटंटकडून समजून घ्यावा, पैसे खर्च झाल्यावर नव्हे.

आम्ही लेखी उत्तर पाठवले. सगळ्यांनी बसून लिहिले, जाऊबाईंची संमती घेऊन. रक्कम एकाच वेळी द्यावी. बंधन फक्त त्या नावाच्या आणि पाकिटबंद पावडरीपुरते असावे, शेतातल्या हळदीला ते लागू नसावे. दरवर्षी दहा क्विंटल हळकुंडे यार्डाच्या भावाने आमच्याकडून घ्यावीत. आणि नाव दोन वर्षे वापरले नाही तर ते आम्हाला परत मिळावे. अकरा दिवसांनी उत्तर आले. अटींविषयी त्यात एक अक्षर नव्हते. रक्कम मात्र चार लाखांची अडीच लाख झाली होती. बाजार मंदावला आहे म्हणे. आम्ही नकार कळवला. कळवताना जाऊबाईंकडे मला बघवले नाही.

त्यांच्या मुलीच्या फीचा प्रश्न तसाच होता. तो नकाराने सुटत नाही. पण वहीतला तो ६७,५०० चा आकडा सगळ्यांनी पाहिला होता, आता तो पुसता येईना. भाऊजींनीच काढले, की वैशाखापासून पाकिटांचे तास लिहायचे आणि ज्या बाईचे जितके तास तितकी मजुरी तिच्या खात्यावर, नफा-तोटा काहीही होवो. पाकिटाचा भाव वीस रुपयांनी वाढवला. काही गिऱ्हाइके कुरकुरली, बरीचशी राहिली. कंबरेसाठी जाऊबाईंना उंच टेबल केले. खाली बसून भरण्याचा हट्ट आम्ही सहा वर्षे का धरला होता, कोण जाणे. मुलीचा प्रवेश झाला आहे. निम्मी फी आईच्या खात्यातून गेली, निम्मीसाठी उसनवारी केली आहे.

ज्या गिऱ्हाइकांचे नंबर गेले, त्या सगळ्यांना पुतण्याने निरोप पाठवला. आमच्या हातून तुमचा नंबर बाहेर गेला, चुकले, आमची हळद याच एका नंबरवरून येते, एवढेच. भाऊजींना वाटत होते की असे कबूल केल्याने पत जाईल. लुधियानाच्या बाईंनी उलट टपाली तीन किलोची मागणी नोंदवली. परतवारीच्या एकादशीला गावात दर्शनाची गर्दी होती, तेव्हा नांदेडहून आलेले एक वृद्ध सरदारजी आमचे घर विचारत आले आणि आत्याबाईंना पाहून म्हणाले, "म्हणजे पाकिटावरच्या माताजी खरोखरच आहेत!" आत्याबाईंनी त्यांना चहा केला, हळदीचे पैसे मात्र मोजून घेतले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मुंबईच्या त्याच गृहस्थाचा पुन्हा निरोप आला. "ताई, अजून काही विचार आहे का?" पुतण्याने तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मग आम्ही तीन ओळी लिहिल्या. प्रस्ताव कंपनीच्या कागदावर सहीनिशी पाठवावा. गिऱ्हाइकांची यादी मिळणार नाही. नावाबद्दल बोलायचे असेल तर परतवारीला आला होता तसा कुणीतरी घरी यावे आणि ते जिचे आहे तिच्याशी बोलावे. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर अजून आलेले नाही.